गप्प बसणारा गुरु

“या वयांत हा पोरखेळ कशाला?” असें घरचीं माणसें आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर देणें प्राप्त आहे.

‘लेजंड ऑफ झेल्डा’ हा निंटेंडो कंपनीचा खेळ जपानांत १९८६ सालीं निघाला. त्याचे एक जनक शिगेरु मियामोतो हे बाळपणीं सोनोबे गांवच्या रानांत हिंडत, गुहांत शिरत. तोच आनंद त्यांनीं खेळांत उतरविला. आरंभींच गुहेंतील एक म्हातारा लिंक नामक मुलास तरवार देतो. पुढील वाट मुलानेंच शोधावयाची. गुरूचें काम एवढेंच, हें आम्हां मास्तरांस तत्काळ पटलें.

पुढें मात्र गुरु बोलके झाले. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मधील नावी परी वारंवार हांका मारी, २०११ च्या ‘स्कायवर्ड सोर्ड’मधील फाय तर उघड दिसणारी गोष्टहि समजावून सांगे. आम्ही चिडलों, मग ओशाळलों. वर्गांत आम्हीहि मुलांस अडखळूं न देतां उत्तर सांगून मोकळे होत असूं!

२०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नें हा दोष घालविला. दिसेल तो डोंगर चढावा, पडावें, पुन्हां चढावें. त्यांत शस्त्रें मोडतात, जुनीं बांधेसूद भुयारें नाहींत, ही उणीव आम्हांसहि भासते. तरी पडण्याची मुभा मिळाली, हा लाभ मोठा.

हल्लीं नातू शेजारीं बसून खेळतो. वाट ठाऊक असूनहि आम्ही गप्प बसतों. साऱ्या नोकरींत न साधलेलें हें व्रत या पोरखेळानें साधलें. एवढेंच आमचें उत्तर.