बॅटरीवरचे बदक

शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या दुकानांत नकली बदकांचे ढीग लागतात. त्यांना ‘डिकॉय’ म्हणतात. ती पाण्यावर सोडायची, आपण गवताच्या आडोशाला बसायचे आणि वरून चाललेल्या थव्याला खाली सगळे आलबेल आहे असे भासवायचे. पण डिकॉय निवडायला डोळा लागतो. हंगामाच्या आरंभी मॅलार्ड बदकांचे बरेचसे नरही मादीसारखे मळकट तपकिरी असतात. त्यांची हिरवी डोकी नंतर उजळतात. तरी ऑक्टोबरातच हिरव्या डोक्यांची जत्रा मांडणारे महाभाग कमी नाहीत. मोठ्या उघड्या पाण्यावर बुड्या मारणारी कॅन्व्हासबॅक हवी असतील तर पांढऱ्या पाठीचे नर मांडावेत. ते लांबून दिसतात. रंग मात्र चमकणारा नको. बदके वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात, म्हणून त्यांच्यासाठी मध्ये मोकळे पाणी ठेवावे लागते. वारा पडला की मांडलेला सगळा ताफा निर्जीव दिसू लागतो. मग जाणता शिकारी आडोशातून हळूच दोरी ओढतो. एक-दोन डिकॉय डुलतात, पाण्यावर तरंग उठतात आणि पुढे निघून गेलेला थवा वळतो.

ही कला जुनी आहे. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्यासारख्या पाणगवताचे डिकॉय सापडले. गवत वळून केलेले अंग, वर रंग आणि खरी पिसे. वय सुमारे दोन हजार वर्षे. करणाऱ्याने कॅन्व्हासबॅक किती बारकाईने पाहिला होता, ते त्या वस्तूंवरून आजही कळते.

फसवणुकीलाही हद्द असते, हे अमेरिकेने एकदा मान्य केले आहे. पूर्वी तिकडे पाळीव बदके बांधून रानबदकांना खाली बोलावत. आपल्याकडचे फासेपारधी पाळलेल्या तित्तराकडून रानातला तित्तर बोलावून घेत, तोच प्रकार. दुष्काळाने पाणथळी आटल्या, बदके घटली, तेव्हा १९३५ साली जिवंत डिकॉयवर आणि दाणे टाकून बदके जमवण्यावर देशभर बंदी आली. पक्ष्याला वाचायला थोडी तरी संधी हवी, हे तेव्हा कुणाला भाबडेपणाचे वाटले नाही.

आता बॅटरीवर गरगर फिरणाऱ्या पंखांचे डिकॉय आले आहेत. पंखाची एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. फिरताना जी लुकलुक होते ती दुरून थेट उतरणाऱ्या बदकासारखी दिसते. त्याच वर्षी जन्मलेली, बंदूक न पाहिलेली पोरे त्याला सहज भुलतात. समर्थक म्हणतात, पक्षी जवळ येतात, नेम नीट लागतो, जखमी होऊन निसटणारे कमी. शिवाय दिवसाला किती मारायचे याची मर्यादा आहेच. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसऱ्यात नाही: मर्यादा तर १९३५ सालीही होती, तरी बंदी घालावीच लागली.

कॅलिफोर्नियात हे यंत्र हंगाम उघडल्यापासून ३० नोव्हेंबरपर्यंत वापरता येत नाही. तोवर कोवळी पोरे थोडी शहाणी झालेली असतात. जिथे हे यंत्र हंगामाच्या पहिल्या दिवसापासून चालते, त्या राज्यांनी निदान एवढा नियम तरी उचलावा. नेवाडा कॅलिफोर्नियाला लागूनच आहे. लव्हलॉकची गुहाही तिथलीच.