नवे नाणे, जुनीच लबाडी



इच्छापोरच्या चहाच्या टपऱ्यांवर पुन्हा कुजबुज सुरू आहे : "नवीन कॉइन निघतोय, सुरुवातीलाच घ्या." आम्ही बँकेच्या खिडकीत बसणारी माणसे. मुलीच्या लग्नाची ठेव मुदतीआधी मोडणारे आमच्यासमोरच उभे राहतात, म्हणून स्पष्ट बोलतो.

बिटकनेक्ट विसरलात? त्याचा संस्थापक सतीश कुंभाणी आपल्याच सुरतचा. महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परताव्याचे गाजर दाखवले, जानेवारी २०१८ मध्ये योजना गुंडाळली आणि नाणे मातीमोल झाले. नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देत २.४ अब्ज डॉलरचा गंडा घातल्याचा आरोप अमेरिकेने २०२२ मध्ये त्याच्यावर ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईडीच्या अहमदाबाद कार्यालयाने १,६४६ कोटींची क्रिप्टो जप्त केली. घर बुडाल्यावर सात वर्षांनी!

नव्या नाण्याचा मोठा साठा बहुधा काढणाऱ्याच्याच हाती असतो. तुम्ही घेता, भाव चढतो, तो विकून मोकळा होतो. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. या नाण्याला काय आहे?

सरकार २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते, एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाही. कर घेताना नाणे दिसते, मग लुटला जाणारा कामगार का दिसत नाही? मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. आणि कमिशनसाठी नात्यातल्यांना गळाला लावणाऱ्या आपल्याच माणसाला दारातूनच परत पाठवा!