ऐकू येत नाही म्हणून विज्ञान सोडायचं का?

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावणारी एक मुलगी आली. पहिल्या चाचणीत विज्ञानात तिला फार कमी गुण मिळाले. "तिला जड जातंय, सवलतीत दुसरा विषय घेता येतो का बघा," असं स्टाफरूममध्ये बोलणं झालं. खरं सांगायचं तर मीही मान डोलावली होती.

नंतर लक्षात आलं की जड विज्ञान नव्हतं, माझी शिकवण्याची पद्धत होती. मी फळ्याकडे तोंड करून बोलायचो. पहिल्या बाकावर बसवलं की झालं, अशी समजूत. श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. ते आवाज मोठा करतं, पण त्याबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकल्याचा आवाजही मोठा होतो. राहिली ओठवाचनाची गोष्ट. आरशासमोर उभं राहून पारा, बारा, मारा हे शब्द आवाज न करता म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. बल आणि मल यांतही ओठांवर फरक दिसत नाही. क, ख, ग तर घशाजवळच उच्चारले जातात, ते दिसणार कुठून?

प्रयोगाच्या तासाला आणखी एक अडचण येते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. आपण म्हणतो, "बघा, आता आम्ल टाकतोय, रंग कसा बदलतोय!" ऐकणारं मूल कानांनी ऐकतं आणि डोळ्यांनी परीक्षानळी बघतं. कर्णबधिर मुलाला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची असतात. माझ्या तोंडाकडे पाहिलं तर रंग बदलायचा क्षण निसटतो, नळीकडे पाहिलं तर वाक्य निसटतं. म्हणून मी एक साधी सवय लावून घेतली. आधी सांगायचं, मग गप्प बसायचं आणि मगच आम्ल ओतायचं. सगळ्यांचं बघून झालं की पुन्हा बोलायचं. तासाला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती मलाही होती, पण बाकीच्या मुलांनाही प्रयोग नीट दिसू लागला.

ध्वनीचा पाठ आला तेव्हा मला संकोच वाटत होता. ऐकू न येणाऱ्या मुलीला ध्वनी काय शिकवायचा? नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटला आणि पाण्याला टेकवला, पाणी उडालं. मग तोच काटा तिच्या बोटाला लावला. २५६ हर्ट्‌झचा लावला, ती हसली. ५१२ चा लावला तर कपाळाला आठ्या. वहीत लिहून विचारलं, "सर, हा का नीट जाणवत नाही?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कानाची मर्यादा २० ते २०,००० हर्ट्‌झ, हे सगळे पाठ करतात. त्वचेलाही मर्यादा असते, ती सुमारे अडीचशे हर्ट्‌झच्या आसपासची कंपनं सर्वांत चांगली टिपते आणि त्याच्या बऱ्याच वर गेलं की संवेदना मंदावते, हे मला त्या दिवशी घरी जाऊन वाचावं लागलं.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि खुणांनी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी ही जवळपास दुसरी भाषा असते. परावर्तन आणि अपवर्तन त्याला कागदावर सारखेच दिसतात. तिथे व्याख्या नको, आरसा आणि पाण्याच्या ग्लासातली पेन्सिल हवी. खुणांसाठी आधारही आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले आणि त्यात शालेय विषयांचेही आहेत. एनसीईआरटीची पुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० मध्येच झाला. आपल्या बालभारतीच्या विज्ञानाच्या प्रत्येक पाठाला असे व्हिडिओ हवेत, ही मागणी आपण शिक्षकांनीच लावून धरायला हवी. एकट्या पालकांनी किती दारं ठोठवायची?

"पण पुढे काय करणार ही मुलं विज्ञान शिकून?" असं अजूनही विचारलं जातं. १९७५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे जॉन कॉर्नफर्थ वयाच्या विशीपर्यंत पूर्ण बहिरे झाले होते. विद्यापीठातली व्याख्यानं त्यांना ऐकूच येत नव्हती, पुस्तकं आणि प्रयोगशाळा यांच्यावर ते शिकले. अर्थात प्रत्येकाने नोबेलच मिळवावं, असं ऐकणाऱ्या मुलांबाबत तरी आपण कुठे म्हणतो?

त्या मुलीने विज्ञान सोडलं नाही. दहावीच्या तोंडी परीक्षेला मी प्रश्न कागदावर लिहून दिले. तिने उत्तरं लिहिली आणि शेवटी माझ्या एका प्रश्नातली शुद्धलेखनाची चूक लाल पेनाने दुरुस्त करून कागद परत दिला.