गाडलेले सत्य

रहस्यकथा सहसा एका गुन्हेगारापाशी येऊन संपते. पण गुन्हा कोणी केला हे अवघ्या गावाला ठाऊक असूनही कोणी तोंड उघडत नसेल, तर? ऑस्ट्रियन लेखिका एव्हा मेनासे यांची ‘डुंकेलब्लूम’ (२०२१) ही कादंबरी नेमक्या याच प्रश्नाला हात घालते. काळ १९८९ चा. हंगेरीच्या सीमेलगतच्या गावात एक अनोळखी पाहुणा येतो, कुरणात मानवी सांगाडा सापडतो आणि जुन्या मौनाला तडे जाऊ लागतात.

या कल्पितामागे रेख्नित्झ गावाचे दाहक वास्तव आहे. २४ मार्च १९४५ च्या रात्री तेथील सरदारवाड्यात नाझींची मेजवानी रंगली होती. त्यातीलच काही जणांनी उठून जाऊन सुमारे १८० ज्यू वेठबिगारांना गोळ्या घातल्या. १९४६ मध्ये एका महत्त्वाच्या साक्षीदाराचा खून झाला आणि गावाची वाचाच बसली. वारंवार शोध घेऊनही बहुसंख्य मृतांची कबर सापडलेली नाही.

मौनामुळे समाज एकसंध राहतो, हा भ्रम आहे. आजोबांच्या पापाचे धनी नातवंडे नसतात, हे खरेच. परंतु ठाऊक असलेले सत्य त्यांनीही दडवले, तर त्या दडवणुकीचे उत्तरदायित्व मात्र त्यांचेच ठरते. अपराध्यांना शासन करण्याची वेळ टळून गेली. मृतांना सन्मानाने निरोप देण्याची वेळ अद्याप टळलेली नाही.