फुकट वीज, पण रात्रीची

शिरूर-दौंडच्या ऊस पट्ट्यात वीज केवढ्याला पडते, यापेक्षा ती किती वाजता येते हा प्रश्न मोठा आहे. रात्रपाळीची वीज असली की हातात बॅटरी घेऊन, उसाच्या कडेकडेने जाऊन मोटार चालू करावी लागते. आणि त्याच उसात बिबट्याचा मुक्काम असतो. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. शेतीला दिवसा वीज द्या, ही जुनी मागणी पुन्हा पुढे आली.

आता सरकारने काय दिलं ते बघा. विधानसभेचं मतदान नोव्हेंबर २०२४मध्ये होतं. त्याआधी चार महिने, जुलैमध्ये, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देणारी ‘बळीराजा’ योजना आली. लाभार्थी सुमारे ४४ लाख, खर्च वर्षाला सुमारे १४,७६० कोटी. म्हणजे लोकांनी वेळ मागितली आणि सरकारने बिल माफ केलं!

पुण्यात एसीत बसून याला ‘रेवडी’ म्हणणं सोपं आहे. खत, मजुरी, कर्जाचे हप्ते यांत पिचलेल्या घराला शून्य रुपयांचं बिल हा खरा आधार आहे. तो काढून घ्या असं इथे म्हणायचं नाही. पण २००४मध्येही निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज मोफत झाली होती आणि निवडणूक आटोपल्यावर पुढच्याच वर्षी ती बंद झाली. मतांच्या गणितावर उभा केलेला आधार असा कधीही निघून जातो.

दुसरीकडे, जून २०२५मध्ये राज्याने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी पहिल्या तीन वर्षांची तरतूद ५०० कोटी. साधा हिशेब केला तर ही रक्कम म्हणजे मोफत विजेचे जेमतेम साडेबारा दिवस. दौंडच्या शेजारी बारामतीत उसावर हाच प्रयोग चालू आहे. जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाची माहिती यांवरून पाणी कधी आणि किती द्यायचं, ते शेतकऱ्याला मोबाइलवर कळतं. छानच आहे. पण उपसा फुकट आणि वीज येईल तेव्हाच मोटार चालवायची, अशी सवय लागली, तर ‘आज पाणी नको’ हा मेसेज कोण ऐकणार? एक धोरण पाणी वाचवा म्हणतं, दुसरं ते कितीही उपसा म्हणतं.

खरं तर दिवसा विजेचं उत्तर आपल्याकडे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ची. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि ती वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. सुधारित ‘२.०’ आली २०२३मध्ये. मधली सहा वर्षं कुठे गेली? अशा कामाला जमीन लागते, वाहिन्या लागतात, उपकेंद्रं लागतात, आणि फळ मिळेपर्यंत पुढची निवडणूक येऊन जाते. बिल मात्र एका सहीत शून्य होतं. नवं तंत्रज्ञान मागे पडतं ते इथे. ते कुणाला नको असतं असं नाही, पण त्याचं श्रेय वेळेत मिळत नाही.

म्हणून हे काम आपल्या पिढीचं आहे. आपल्यातले कित्येकजण पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा मतदान करणार आहोत. गावातल्या सभेत ‘फुकट’ शब्दावर टाळ्या पडल्या की कुणीतरी उठून एवढंच विचारायला हवं : साहेब, किती वाजता? आमच्या गावचा फीडर सौरवर कोणत्या महिन्यात जाणार? नुसत्या घोषणेवर मतं मिळत राहिली, तर पुढारी घोषणाच देत राहणार. तारीख विचारली जाते हे कळलं, की कामालाही मतं मिळायला लागतील.