चहाचा कप आणि कलादालन

कलादालनातील उपाहारगृह एखाद्या बड्या हॉटेल कंपनीकडे सोपवावे, म्हणजे टापटीप राहते आणि संस्थेच्या तिजोरीतही भर पडते, असे हल्ली सांगितले जाते. पैसा लागतोच, हे मान्य. पण तेथला चहा कोणाला परवडणार, हे कोणी विचारायचे?

मुंबईच्या जहांगीर कलादालनात उषा खन्ना यांनी १९६४ साली 'समोवार' सुरू केले. जागा बोळासारखी चिंचोळी. पण नवखे चित्रकार एका चहावर तासन्‌तास बसत, वाद घालत. हुसेनही तेथे येत. कलादालनाला जागा परत हवी होती. मार्च २०१५ मध्ये ते बंद झाले.

जहांगीरला प्रवेश विनामूल्य आहे. तरीही कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी वाहणाऱ्याचा मुलगा खांदेश्वरहून लोकलने तेथे जातो, तेव्हा दारातच बिचकतो. (आमच्या घरांत चित्र म्हणजे कॅलेंडर!) चित्रासमोर कसे उभे राहावे हे त्याला ठाऊक नसते, चहा कसा प्यावा हे मात्र ठाऊक असते. 'हे काय काढलंय हो?' असे शेजारच्याला तो चहाच्या टेबलावरच विचारू शकतो. तेव्हा करार कोणाशीही करा. पण साधा चहा टपरीच्या भावात मिळेल, हे कलम त्यात आधी घाला. मेजवान्यांची कंत्राटे मागाहून.