सार्वजनिक पैसा, खाजगी कुंपण

'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्था, सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके आणि जवळजवळ १ कोटी ८० लाख वाचक, असा हा व्यवहार आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांतच जे वाचावयास मिळे, ते आडगावच्या शासकीय महाविद्यालयातही पोहोचेल, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे विकत घेतले जात आहे ते मुळात कोणाचे, हा प्रश्न स्वागताच्या गजरात मागे पडला.

संशोधनाचा मोठा खर्च शासन सोसते. लेखक लेखाचा मोबदला घेत नाही. त्याची छाननी करणारे विद्वानही बहुधा विनामूल्य राबतात. तयार माल मात्र प्रकाशकाच्या मालकीचा होतो आणि ज्या विद्यापीठाच्या पगारावर तो लिहिला गेला, त्याच विद्यापीठास पुन्हा विकला जातो. साखर महागली तर गूळ घेता येतो. एक शोधनिबंध महाग म्हणून त्याऐवजी दुसरा वाचून भागत नाही. म्हणूनच एल्सव्हियरसारख्या प्रकाशनसंस्थेच्या मालक-कंपनीस विज्ञान विभागात शेकडा ३५हून अधिक नफा वर्षानुवर्षे मिळत आला आहे. या धंद्याला आजचे रूप देणाऱ्यांत अग्रभागी असलेले रॉबर्ट मॅक्सवेल हे १९६४ ते १९७० मजूर पक्षाचे पार्लमेंट सदस्य होते, याचीही समाजवाद्यांनी आठवण ठेवलेली बरी.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयांचा नाही. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या बीआरसीए-१ या जनुकाचा ठाव सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९० मध्ये दाखवले. १९९४ मध्ये युटा विद्यापीठ, मिरियड ही कंपनी आणि अमेरिकी शासनाच्या संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून ते हुडकून काढले. सार्वजनिक पैशाचा असा हातभार लागूनही पेटंटांच्या बळावर अमेरिकेत चाचणीची मक्तेदारी एकट्या कंपनीकडे गेली. चाचणीची किंमत ३,००० डॉलरच्या वर चढली. बीजकोश काढून टाकण्याच्या निर्णयापूर्वी एखाद्या स्त्रीला दुसऱ्या प्रयोगशाळेचे मत हवे असले, तर ते मिळण्याची सोयच उरली नाही. १३ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की निसर्गातील डीएनए केवळ अलग केल्याने कोणाचे पेटंट होत नाही. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी स्वस्त चाचण्या जाहीर केल्या! तथापि कंपनीने सार्वजनिक संचास माहिती देणे त्यापूर्वीच थांबवले होते. हजारो रुग्णांच्या रक्तातून जमलेले ते ज्ञान तिच्याच तिजोरीत राहिले.

कुंपण मोडता येते, हे विद्वानांनीच दाखवले आहे. पदार्थवैज्ञानिक तर १९९१ पासून पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉस येथे सुरू केलेल्या भांडारात आपले लेख विनामूल्य ठेवीत आले आहेत. भाषा-अध्यापनाच्या क्षेत्रात 'लँग्वेज लर्निंग अँड टेक्नॉलॉजी' हे नियतकालिक १९९७ पासून सर्वांस खुले आहे. मेंदूविज्ञानातील लढा अधिक बोलका आहे. 'न्यूरोइमेज' या नियतकालिकात लेख खुला छापण्यासाठी लेखकाकडून ३,४५० डॉलर घेतले जात. दर कमी करण्यास एल्सव्हियरने नकार दिला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये ४०हून अधिक संपादकांनी एकत्र राजीनामे देऊन नवे नियतकालिक काढले. श्रमिकांच्या संपाशी परिचित असणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. माल निर्माण करणारे उठून गेले की मालकाजवळ फक्त पाटी उरते.

भारताने मात्र पाटीचीच किंमत मोजली. योजनेच्या पहिल्या टप्प्यात शासकीय उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था येतात. भाषा कशी शिकवावी याचे संशोधन ज्याच्या वर्गात उतरावयाचे, तो जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक कुंपणाबाहेरच राहतो. वास्तविक केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान खात्यांनी, आपल्या अनुदानातून निघालेले लेख खुल्या भांडारात ठेवावेत, असे धोरण डिसेंबर २०१४ मध्येच स्वीकारले होते. अंमलबजावणी ढिली राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सव्हियरशी वाटाघाटी तोडल्या आणि २०२१ मध्ये नवा करार पदरात पाडून घेतला. असे ताणून धरण्यास घरात शिधा लागतो. येथील करार २०२७ अखेर संपेल, तेव्हा भांडारे रिकामी असतील तर प्रकाशक सांगतील ती किंमत द्यावी लागेल. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून गेलेल्या कार्यकर्त्यांनी येत्या बैठकीत निदान एवढे विचारावे : गेल्या वर्षी आपल्या विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांपैकी किती खुल्या भांडारात ठेवले गेले, आणि उरलेले का नाहीत?